औद्योगिक नगरांचे स्थानिक शासन

एखाद्या कारखान्याभोवती किंवा एखाद्या धंद्याच्या वाढीमुळे जे लहान शहर निर्माण होते आणि ज्यातील बहुसंख्य रहिवाशांची उपजीविका शेतीऐवजी उद्योगावर अवलंबून असते, त्यास सामान्यतः औद्योगिक नगर म्हणतात. अशा नगराचा कारभार हा स्थानिक स्वराज्याचा एक वेगळा प्रश्न ठरतो. बाजारपेठेच्या वा तीर्थक्षेत्राच्या गावाची वाढ संथ असते. औद्योगिक नगराची लोकसंख्या मात्र एका पिढीतच अनेक पटींनी वाढू शकते. पाणी, गटारे, रस्ते व घरे यांची गरज आधी निर्माण होते आणि ती भागविणारी संस्था मागाहून येते. भारतात या नगरांचे दोन प्रकार आढळतात : एकाच उद्योगसंस्थेने वसविलेले नगर व अनेक लहान कारखानदारांच्या उद्योगातून वाढलेले नगर. या दोहोंच्या शासनपद्धती मुळातच भिन्न आहेत.

उद्योगसंस्थेने वसविलेली नगरे : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कार्यास जमीन देऊन साहाय्य केले. कारखान्याबरोबरच तेथे कामगारांची घरे उभी राहिली. वसाहतीची आखणी व व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा पाहत असत. बिहारमध्ये (आताच्या झारखंडमध्ये) साकची या खेड्याच्या परिसरात पोलाद कारखान्याबरोबर उभे राहिलेले जमशेदपूर हे याच प्रकारचे, पण पुढे महानगर बनलेले उदाहरण होय. १९१९ मध्ये त्यास सध्याचे नाव मिळाले. तेथे १९२४ मध्ये अधिसूचित क्षेत्र समिती नेमण्यात आली, तरी पाणी, वीज, रस्ते व स्वच्छता या सेवा मुख्यतः कंपनीकडेच राहिल्या.

अशा नगरांत नागरी सेवा बहुधा नियमित व चांगल्या प्रतीच्या असतात, कारण उत्पादनासाठी निरोगी व स्थिर कामगारवर्ग कंपनीलाही हवा असतो. तथापि घरमालक, सेवादाता व नोकरी देणारा हे तिन्ही एकच असल्यामुळे रहिवाशाचे नागरिकत्व त्याच्या नोकरीशी जखडले जाते. नोकरी सुटली की घर सुटते. कंपनीच्या हद्दीबाहेर वाढणाऱ्या, कंत्राटी मजूर व लहान दुकानदार यांच्या वस्त्यांना तर या सोयींचा लाभ क्वचितच मिळतो.

संविधानातील तरतूद : चौऱ्याहत्तराव्या संविधान दुरुस्तीने (१९९२; अंमल १ जून १९९३ पासून) नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले. संक्रमणात्मक क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद व मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका असे तीन प्रकार अनुच्छेद २४३ थ मध्ये सांगितले आहेत. मात्र त्याच अनुच्छेदाला एक परंतुक आहे. एखाद्या क्षेत्राचा आकार आणि तेथे औद्योगिक आस्थापना पुरवीत असलेल्या किंवा पुरवू इच्छिणाऱ्या नागरी सेवा विचारात घेऊन राज्यपालास ते क्षेत्र औद्योगिक नगरी म्हणून विनिर्दिष्ट करता येते. अशा क्षेत्रात निवडून आलेली नगरपालिका घटित करणे बंधनकारक नसते. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या शीर्षकातही नगरपंचायती व औद्योगिक नगरी यांचा पुढे समावेश करण्यात आला.

हे परंतुक वादाचा विषय बनले आहे. सेवा उत्तम मिळत असतील, तर केवळ मतपेटीसाठी ती व्यवस्था मोडू नये, असे त्याचे समर्थक म्हणतात. सेवा मिळणे व त्या सेवांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी असून पहिली दुसरीची जागा घेऊ शकत नाही, असे विरोधकांचे म्हणणे आहे. जमशेदपूरविषयीचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२३ मध्ये झारखंड शासनाने त्या शहरासाठी औद्योगिक नगरीचा मार्ग स्वीकारला.

नगरपरिषदेची रचना : अनेक उद्योजकांच्या नगरात सर्व सेवांची जबाबदारी घेणारी एक कंपनी नसते, म्हणून तेथे नगरपरिषद हीच शासनसंस्था ठरते. महाराष्ट्रात लहान नागरी क्षेत्र ठरण्यासाठी किमान २५,००० लोकसंख्या व किमान ३५ टक्के बिगरशेती रोजगार या कसोट्या आहेत. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या नगरपरिषदा ‘अ’ वर्गात, ४०,००० ते एक लाखापर्यंतच्या ‘ब’ वर्गात व त्याखालील ‘क’ वर्गात मोडतात. नगराध्यक्ष हा परिषदेचा प्रमुख असतो. त्याच्या निवडीची पद्धत अनेकदा बदलली : २०१६ मध्ये स्वीकारलेली थेट निवडणूक २०२० मध्ये रद्द झाली व २०२२ मध्ये पुन्हा आली. स्थायी समिती व पाणीपुरवठा, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य यांसारख्या विषय समित्या परिषदेचे काम विभागून घेतात. मुख्याधिकारी मात्र राज्य शासन नेमते आणि ठरावाच्या अंमलबजावणीस स्थगिती देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास असतो. म्हणजे धोरण स्थानिक व अंमलबजावणीची सूत्रे बऱ्याच अंशी शासनाकडे, असा हा मिश्र कारभार आहे.

इचलकरंजीचे उदाहरण : कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगाकाठचे हे गाव घोरपडे घराण्याच्या जहागिरीचे ठिकाण होते. येथील नगरपालिका १८९३ मध्ये स्थापन झाली. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने हा धंदा वाढीस लागला. गिरणीप्रमाणे एका छताखाली न वाढता तो गल्लीबोळांतून पसरला : कोठे चार माग, कोठे चोवीस; त्यांच्या जोडीला सुताला खळ लावणारे सायझिंगचे व कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने. राहते घर व कारखाना एकाच भिंतीआड आल्याने नगरपालिकेपुढील प्रश्न गुंतागुंतीचे झाले. एकाच इमारतीस निवासी कर लावावा की औद्योगिक, अरुंद रस्त्यावरून सुताच्या गाड्या कशा जाव्यात, मागांच्या अखंड खडखडाटात शाळा व दवाखाने कोठे असावेत, यांची उत्तरे नियमावलीत तयार सापडत नाहीत. २००१ मध्ये २,५७,६१० असलेली नगराची लोकसंख्या २०११ मध्ये २,८७,३५३ झाली आणि २०२२ मध्ये नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर करण्यात आले. लहान औद्योगिक नगराच्या वाढीचे सर्व टप्पे या एका गावाच्या इतिहासात पाहावयास मिळतात.

उत्पन्नाची साधने : पूर्वी नगरात येणाऱ्या मालावरील जकात हे प्रमुख उत्पन्न होते. कच्च्या मालाची आवक जितकी अधिक तितकी जकात अधिक, त्यामुळे उद्योगाच्या भरभराटीत नगरपालिकेचा प्रत्यक्ष वाटा असे. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली व तिच्या जागी शासकीय अनुदान आले. नाक्यांवरील खोळंबा थांबला. परंतु स्थानिक उद्योग व स्थानिक तिजोरी यांतील थेट दुवाही तुटला. आता मालमत्ता कर, पाणीपट्टी व शुल्के हीच नगरपरिषदेची स्वतःची साधने उरली आहेत. मंदीच्या काळात माग बंद पडले की घरपट्टीची थकबाकी वाढते, पण झाडलोट व पाणीपुरवठा यांचा खर्च मात्र कमी होत नाही.

पाणी व सांडपाणी : औद्योगिक नगराच्या कारभाराची खरी कसोटी येथे लागते. घरगुती सांडपाण्याची व्यवस्था करणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यास संमती देणे व त्यावर देखरेख ठेवणे हे काम १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमानुसार राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. प्रत्यक्षात दोन्ही प्रवाह एकाच नाल्यात मिसळून नदीला मिळतात आणि जबाबदारी मात्र विभागलेली राहते. पंचगंगेच्या प्रदूषणामुळे इचलकरंजीला मजरेवाडी येथून कृष्णेचे पाणी आणावे लागले. २०१२ मध्ये नगरात काविळीची मोठी साथ आली व दूषित पाण्याचा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो, याचा प्रत्यय आला. त्यानंतर वारणेवरील दानोळी व दूधगंगेवरील सुळकूड येथून पाणी आणण्याच्या योजना आखल्या गेल्या. त्यांना नदीकाठच्या गावांनी तीव्र विरोध केला. शेतीचे पाणी शहराकडे वळेल ही गावांची धास्ती होती, तर आमची नदी राहिली नाही ही नगराची अडचण. हा तंटा नगराच्या हद्दीत सुटणारा नाही. नदीखोऱ्याच्या पातळीवर निर्णय घेणारी निर्वाचित स्थानिक संस्था मात्र अस्तित्वात नाही.

निवडणुका व प्रशासक : मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे संविधानाचे बंधन आहे. तरीही आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादांमुळे महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपरिषदांत काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता. त्यांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. इचलकरंजी महानगरपालिकेची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपल्यापासून तोपर्यंत तेथे लोकप्रतिनिधी नव्हते. या काळात दैनंदिन सेवा चालू राहिल्या, परंतु तुंबलेल्या गटाराविषयी ज्याचे दार ठोठवावे असा आपल्या प्रभागाचा माणूस उरला नाही. कंपनीच्या नगरात जो प्रश्न कायद्याच्या परंतुकातून निर्माण होतो, तोच येथे विलंबातून निर्माण झाला. उद्योगाने नगराला रोजगार व लोकसंख्या दिली. त्या लोकसंख्येला स्वतःच्या गावाचा कारभार कितपत हाती मिळतो, यावरच औद्योगिक नगराचे स्थानिक शासन हे खऱ्या अर्थाने स्वराज्य आहे की केवळ व्यवस्थापन, हे ठरते.