अहिफेनाच्या पेट्या

संस्कृतांत अफूस 'अहिफेन', म्हणजे सर्पाचा फेंस, म्हणतात. शाळेंत इतिहास शिकवितांना चीनचें अफूयुद्ध मी दोन वाक्यांत उरकीत असें. त्याची आतां खंत वाटते. कारण त्या अफूची एक वाट आमच्या मुंबईंतूनच जात होती.

माळव्याची अफू मुंबई बंदरीं येई. कंपनीसरकार दर पेटीमागें कर घेऊन परवाना देई आणि माल चीनला रवाना होई. तेथें अफूस बंदी आहे, हें सर्वांस ठाऊक होतें. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तींतही या व्यापाराचा मोठा वांटा होता. त्यांच्या देणगीचें रुग्णालय आजही रोग्यांस बरें करीत आहे!

१८३९ सालीं लिन झेशू या चिनी अधिकाऱ्यानें परदेशी व्यापाऱ्यांच्या २०,००० हून अधिक पेट्या जप्त केल्या आणि हूमेन येथें ती अफू चुन्यामिठाच्या पाण्यांत विरघळवून समुद्रांत सोडली. तत्पूर्वीं त्यानें समुद्रदेवतेची क्षमा मागितली. (आम्ही नदींत काय काय सोडतों, आणि कोणाची क्षमा मागतों?) इंग्रजांनीं उत्तरादाखल तोफा आणल्या. १८४२ च्या नानकिंगच्या तहान्वयें चीननें हाँगकाँग तर दिलेंच, शिवाय नष्ट केलेल्या अफूची किंमत म्हणून ६० लक्ष डॉलर मोजले. चोराच्या मुद्देमालाची भरपाई घरधन्यानें करावी, तशांतला हा न्याय!

आज त्याच माळव्यांत, मंदसौर-नीमच भागांत, सरकारी परवान्यावांचून अफूचें पीक घेणें गुन्हा आहे. १९८५ च्या कायद्यांत २००१ सालीं दुरुस्ती झाली. तेव्हांपासून अडीच किलोंहून अधिक अफू बेकायदा बाळगणाऱ्यास किमान १० वर्षें सक्तमजुरी आहे. मुंबईहून जाणारी एकेक पेटी सुमारें ६० किलोंची असे.