यंत्राला ‘पानी’ कळायला हवं

भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातल्या एकोडीत कुणी मोबाइलवर ‘पानी’ लिहिलं, की शब्द सुचवणारा कीबोर्ड ‘पाणी’ पुढे करू शकतो. तिथल्या झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. डोळ्याचा तिथे डोरा होतो. ही चूक नव्हे, बोलीची रीत आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. माणूस ओळखून वागणाऱ्या संगणकाची खरी परीक्षा मला अशाच शब्दांपाशी दिसते.

अशा संगणकाचा विचार जुना आहे. 1979 मध्ये संगणकशास्त्रज्ञ एलेन रिच यांनी ‘ग्रंडी’ हा ग्रंथपालासारखा प्रोग्राम मांडला. वाचक स्वतःचं वर्णन करी, त्यावरून ग्रंडी त्याला एखाद्या ठोकळ साच्यात बसवून कादंबरी सुचवी आणि ती नावडली तर आपला अंदाज सुधारी. मला यातलं सुधारणं सर्वांत मोलाचं वाटतं. पुढच्या अनेकांनी साचा उचलला, सुधारणं विसरले.

मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 2000 मध्ये कमी वापराच्या आज्ञा यादीतून आपोआप दडत. हेतू सोयीचा होता, पण काल जिथे होती तिथे आज वस्तू नसेल तर हात अडखळतोच. मायक्रोसॉफ्टचेच संशोधक एरिक हॉर्विट्झ यांनी 1999 मध्ये सांगितलं होतं, की यंत्राने मध्ये बोलण्याआधी त्याचा फायदा आणि माणसाला होणारा व्यत्यय दोन्ही तोलावेत.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ कीबोर्ड घडवला. ‘क’वर बोट ठेवलं, की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमटतं. ज्याने बाराखडी गिरवली त्याला ते नव्याने शिकावं लागत नाही. यात यंत्र कुणाच्या सवयींची नोंद ठेवत नाही, माणसाला आधीपासून येतं त्यावर उभं राहतं. मी हे काम फार वरचं मानतो.

सवयींवरून शिकणाऱ्या यंत्राची अडचण मात्र शेतात दिसते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि मोबाइल ॲपवरून पिकाची नोंद करणं शेतकऱ्याच्या हाती आलं. एकोडीचा भाग धानाचा. समजा, बांधीवर उभे आबाजी त्यासाठी पहिल्यांदाच पिकाचा फोटो काढताहेत आणि नातू दहाव्यांदा. आबाजींना एकेक पायरी आवाजात हवी, नातवाला नकोच. पण फोन घरात एकच! सकाळी तो आबाजींच्या हातात, दुपारी सुनेच्या, रात्री अभ्यासाला नातवाच्या. ‘एक फोन म्हणजे एक माणूस’ असं धरून शिकणारं यंत्र या तिघांची खिचडी करून चौथाच माणूस घडवतं, आणि तो त्या घरात राहतच नाही. सुनेने काय शोधलं ते आबाजींना दिसणं तर त्याहून वाईट.

म्हणून यंत्राने आधी विचारावं, ‘आता कोण?’ आपण काय शिकलो ते दाखवावं, पुसू द्यावं. ‘पानी’ दोनदा लिहिलं की तिसऱ्यांदा मुकाट मान्य करावं.

साकोली-भंडाऱ्यात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनो, तुमचं पहिलं ॲप शिक्षकांना दाखवण्याआधी घरातल्या आजीच्या हातात द्या. तिला काही सांगू नका. ती कुठे थांबते, तेवढं लिहून घ्या.