उंच उडी, गादी आणि शाळेतले गुरुजी

१६ सप्टेंबर २०२५ रोजी टोकियोत जागतिक मैदानी स्पर्धेत सर्वेश कुशारे यांनी २.२८ मीटरवरची दांडी ओलांडली आणि सहावा क्रमांक मिळवला. या स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावच्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा इथवर पोहोचला, त्याची सुरुवात गावातल्या शाळेत झाली.

पाठीवर पडणारी उडी

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉस्बरी यांनी दांडीकडे पाठ करून उडी मारली आणि २.२४ मीटरसह सुवर्ण जिंकलं. चारच वर्षांनी म्युनिकमध्ये पश्चिम जर्मनीची सोळा वर्षांची उलरिके मायफार्थ याच पद्धतीने १.९२ मीटर उडी मारून विजेती ठरली. पोट दांडीकडे ठेवून उडणारी जुनी पद्धत लगेच संपली नाही. महिलांमध्ये २ मीटर सर्वप्रथम गाठले ते १९७७ मध्ये पूर्व जर्मनीच्या रोझमारी आकरमान यांनी, जुन्याच पद्धतीने. पुढे मात्र फॉस्बरी पद्धतच जगभर रुळली.

ती कशी जमते?

खेळाडू आधी सरळ धावतो आणि शेवटची काही पावलं वळणावरून टाकतो. वळताना शरीर आत झुकतं, आणि एका पायावर उसळी घेताच त्याला फिरकी मिळते. दांडीवर पाठीची कमान होते. खांदे पलीकडे उतरत असताना कंबर वर असते आणि पाय शेवटी निघतात. कमान चांगली साधली, तर शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊनही खेळाडू वरून पार होतो. एकापाठोपाठ तीन प्रयत्न फसले की स्पर्धा संपते.

गादी का हवी?

या पद्धतीत खेळाडू पाठीवर आणि खांद्यांवर पडतो. वाळूच्या खड्ड्यात असं पडणं मानेला धोक्याचं. म्हणून जाड, मऊ गादी नसेल, तर ही उडी शिकवताच येत नाही. देवरगावला क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याचा भुसा भरून गादी तयार केली. सर्वेश यांचा सराव तिच्यावर सुरू झाला.

पुढची वाटचाल

२०१९ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २.२६ मीटरसह चौथा क्रमांक. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २.१५ मीटरवर थांबावं लागलं. पुढच्याच वर्षी टोकियोत २.२८ मीटर ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी झाली. तेजस्विन शंकर यांच्या २.२९ मीटरच्या राष्ट्रीय विक्रमाला ती फक्त एक सेंटिमीटर कमी पडली.

शिकवणारे घडवायला हवेत

१९५७ मध्ये, १८५७ च्या लढ्याच्या शताब्दीनिमित्त, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय उभं राहिलं. आज ते अभिमत विद्यापीठ आहे. जाधव गुरुजींसारखे शिक्षक घडवायला अशा संस्था लागतात. शाळेतला खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊन टाकणं सोपं असतं. पण उडीची जाण असलेला शिक्षक तो तास नीट घेतो, तेव्हाच एखाद्या मुलाची उसळी कुणाच्या तरी नजरेत भरते. प्रत्येक तालुक्यात किमान एका शाळेला चांगली गादी आणि पूर्णवेळ क्रीडाशिक्षक द्यावा. खर्च मोठा नाही, आणि त्यातून काय घडू शकतं ते देवरगावने दाखवून दिलं आहे.