‘समजलं का?’नंतरचे तीन सेकंद : ऑनलाइन वर्गातला संवाद मोजतात कसा?

माझी भाची आठवीत आहे. तिच्या गणिताच्या ऑनलाइन क्लासचं अ‍ॅप दर महिन्याला पालकांना रिपोर्ट पाठवतं. गेल्या महिन्यात ‘पार्टिसिपेशन’समोर लाल अक्षरांत ‘लो’ आलं आणि ताईने तिला फैलावर घेतलं. भाचीचं म्हणणं एवढंच, ‘‘मामा, मी उत्तर देते रे. पण तोवर सर पुढे गेलेले असतात.’’

क्लासचं रेकॉर्डिंग होतं, म्हणून आम्ही दोघांनी ते लावून बघितलं. सरांनी प्रश्न विचारला, ‘समजलं का? बोला’ म्हणाले आणि दुसऱ्याच क्षणी स्वतः उत्तर सांगून पुढच्या उदाहरणाकडे वळले. भाचीचं उत्तर त्यानंतर चॅटमध्ये आलं. बरोबर होतं. कुणी वाचलं नाही.

मग ‘लो’ नेमकं कोण होतं?

दर तीन सेकंदांना एक आकडा

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला संवाद मोजायचे प्रयत्न ऑनलाइन वर्गांच्या कितीतरी आधीचे आहेत. ओळखीत कुणी बी.एड. झालेलं असेल तर ‘फ्लँडर्स’ हे नाव विचारून बघा. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ नेड फ्लँडर्स यांच्या पद्धतीत निरीक्षक वर्गात बसतो आणि दर 3 सेकंदांनी 1 ते 10 पैकी एक आकडा लिहितो. पहिले 7 आकडे शिक्षकाच्या बोलण्याचे : कौतुक, प्रश्न, व्याख्यान, सूचना, रागावणं वगैरे. 8 आणि 9 विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे. 10 म्हणजे शांतता किंवा गोंधळ. 40 मिनिटांच्या तासाचे असे 800 आकडे होतात. वर्गात जेवढा वेळ बोलणं चालतं, त्यातला सुमारे दोन तृतीयांश वेळ शिक्षकच बोलतो, असं फ्लँडर्स यांना दिसलं होतं. आपल्यापैकी कुणाला यात नवल वाटेल असं नाही.

ऑनलाइन वर्गात ही पद्धत दहाव्या आकड्यावर अडते. खोलीतल्या वर्गात मुलं गप्प असली तरी चेहरे दिसतात. स्क्रीनवर फक्त नावाचं आद्याक्षर असलेला गोल दिसतो. त्यामागचं मूल विचार करत असेल, नेट गेलं असेल, माइक सुरू करायचं बटण शोधत असेल किंवा जेवायला उठून गेलं असेल. चारही गोष्टींची नोंद एकच : 10.

एक सेकंद पुरतो का?

माझ्या मते खरी मेख इथे आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, हे अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात रेकॉर्डिंग तपासून मोजलं. उत्तर निघालं : साधारण 1 सेकंद. तोच वेळ 3 सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

हे सगळं समोरासमोरच्या वर्गात. आता यात मोबाइल आणा. सरांचा आवाज मुलापर्यंत पोहोचायला थोडा उशीर, मुलाचा आवाज परत यायला तेवढाच. मध्ये माइकचं बटण दाबायचं आणि आपण बोलताना दुसरं कुणी बोलत नाही ना, याचा अंदाज घ्यायचा. चॅटमध्ये मराठी टाइप करायचं असेल तर आणखी वेळ. इंजिनिअरिंगच्या भाषेत ही सगळी ‘लेटन्सी’. वर्गात 3 सेकंद पुरत असतील, तर इथे त्याहून जास्त थांबावं लागणार हे उघड आहे. प्रत्यक्षात शिक्षकाला समोर शांतता दिसली की ती भरून काढायची घाई होते. मार्च 2020 नंतर माझंही शेवटचं सेमिस्टर असंच घरून झालं. सर ‘एनी डाउट?’ म्हणायचे, आम्ही गप्प आणि पोर्शन वेळेत पूर्ण.

अ‍ॅप काय मोजतं?

लॉगिन किती वाजता झालं, किती मिनिटं टिकलं, माइक किती वेळा सुरू झाला, ‘हात वर’ किती वेळा केला. ज्या गोष्टीची डेटाबेसमध्ये आपोआप नोंद होते, ती मोजणं सोपं असतं. म्हणून तीच मोजली जाते आणि तिलाच ‘सहभाग’ असं नाव मिळतं. एकाच फोनवर बहीण-भाऊ आळीपाळीने बसत असतील, तर अ‍ॅपच्या लेखी तो एकच विद्यार्थी.

संशोधकांना मात्र दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : मूल बोलल्यावर शिक्षक त्या उत्तराचं काय करतो. समजा, शिक्षकाने विचारलं, ‘‘एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?’’ मूल म्हणालं, ‘‘एक चतुर्थांश, कारण 4 मोठा.’’ ‘‘चूक. दुसरं कोण सांगेल?’’ म्हटलं की विषय संपला. ‘‘4 मोठा, बरोबर. आता एका भाकरीचे 4 तुकडे केले तर एकेक तुकडा 3 तुकड्यांपेक्षा मोठा होईल की लहान?’’ असं विचारलं तर मुलाचंच वाक्य पुढे गेलं. अ‍ॅपच्या हिशेबात दोन्ही वेळा नोंद सारखीच, माइक एकदा सुरू.

हा फरक संगणकाला ओळखता येतो का? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डोरा डेमस्की आणि सहकाऱ्यांनी तो प्रयत्न केला. ‘कोड इन प्लेस’ हा स्टॅनफर्डचा मोफत ऑनलाइन प्रोग्रॅमिंग कोर्स आहे. त्यातल्या 1,136 शिक्षकांवर प्रयोग झाला. मुलांचं बोलणं तुम्ही कुठे पुढे नेलंत, हे सॉफ्टवेअरने रेकॉर्डिंगवरून शोधून शिक्षकाला खासगीत दाखवलं. शिक्षकांचं असं ‘उचलून धरणं’ 13 टक्क्यांनी वाढलं. 2023 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मला सगळ्यात आवडलं ते हे, की रिपोर्ट मुलाचा नव्हता, शिक्षकाचा होता. तोही फक्त त्यालाच दिसणारा, शेरा किंवा गुण न देणारा.

आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. तो प्रयोग इंग्रजीतला. आपल्या क्लासमधली भाषा ‘बघा, इथे एक्सची व्हॅल्यू पुट केली की काय येतं?’ अशी असते. त्यात मागे कुकरची शिट्टी. ऐकलेलं लिहून काढणारं सॉफ्टवेअर इथेच चुकलं, तर पुढचं सगळं विश्लेषण चुकतं.

रेकॉर्डिंग कुणाचं?

डेटा संरक्षणाच्या 2023च्या कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती सवलत आहे. त्यामुळे क्लासला दोन गोष्टी विचाराच : रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता आणि ‘पार्टिसिपेशन’ कशावरून काढता?

ताईने विचारलं. पहिल्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दुसऱ्याचं आलं : माइक आणि ‘हात वर’. चॅट धरत नाहीत. तिने रेकॉर्डिंगमधला तो तुकडा सरांनाही पाठवला. सर आता प्रश्न विचारून मनात 10 अंक मोजतात आणि चॅट वाचून नावं घेतात, असं भाची सांगते. तिचं नाव परवा दोनदा घेतलं. या महिन्याचा रिपोर्ट काल आला. ‘लो’च आहे.