लेसे-फेर : फ्रेंच शब्द आणि मद्रासचा दुष्काळ

‘लेसे-फेर’ या फ्रेंच शब्दजोडीचा अर्थ ‘करू द्या’ एवढाच. इंग्रजीत ती अर्थशास्त्राची संज्ञा म्हणून रुळली. बाजारभाव, मजुरी आणि व्यापार यांत सरकारने हात घालू नये, मागणी-पुरवठ्याचा मेळ आपोआप बसतो, असा तिचा आशय. मराठी पाठ्यपुस्तकांतले ‘निर्हस्तक्षेपाचे धोरण’ ते हेच.

चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याने १६८०च्या सुमारास व्यापाऱ्यांना विचारले, सरकारने तुमच्यासाठी काय करावे? लजांद्र नावाच्या व्यापाऱ्याने उत्तर दिले, आमचे आम्हाला करू द्या. ही आख्यायिका छापली गेली ती १७५१मध्ये, मार्की दार्जांसों यांच्या लेखात. पुढे व्हँसाँ द गुर्ने यांनी ‘करू द्या, जाऊ द्या’ असे जोडवाक्य प्रचारात आणल्याचे मानले जाते. अर्थशास्त्रज्ञ केने आणि त्यांच्या अनुयायांनी त्याला शास्त्राचे रूप दिले. या साऱ्या वादाच्या मुळाशी धान्य होते. १७७४मध्ये मंत्री त्युर्गो यांनी धान्यव्यापार मोकळा केला आणि पुढच्याच वर्षी पावाच्या महागाईने फ्रान्समध्ये दंगे उसळले.

त्याच १७७४ साली जॉर्ज व्हॅटली यांच्या व्यापारविषयक पुस्तकातून हे शब्द इंग्रजीत आले. ॲडम स्मिथ यांच्या १७७६च्या ग्रंथात ते आढळत नाहीत, पण धान्याच्या बाजारात सरकारने ढवळाढवळ केली की टंचाईचा दुष्काळ होतो, हे मत तेथे ठामपणे मांडलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरणाऱ्या तरुणांना इंग्लंडमधील हेलीबरीच्या कॉलेजात हेच अर्थशास्त्र शिकवले जाई. तेथे प्राध्यापक होते अर्थशास्त्रज्ञ माल्थस. त्या कॉलेजात शिकलेले चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या हाती १८४०च्या दशकात आयर्लंडच्या दुष्काळनिवारणाची सूत्रे होती. १८५९मध्ये ते मद्रासचे गव्हर्नर झाले.

१८७६मध्ये मद्रास इलाख्यात पाऊस दगा देऊन गेला. गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांच्या सरकारने एका व्यापारी पेढीमार्फत गुपचूप तीस हजार टन धान्य मागवले. व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारला हे मान्य झाले नाही. सरकार खरेदीत उतरले की व्यापारी माघार घेतील, आणि चढे भावच धान्याला दुष्काळी मुलखाकडे ओढून आणतील, अशी त्यांची मांडणी होती. बंगाल आणि ब्रह्मदेशातून मद्रासला जहाजे येत राहिली, हे खरे. पण पीक बुडाले की शेतमजुराचे कामही बुडते. ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याची भूक बाजाराला मागणी म्हणून दिसत नाही. चढा भाव धान्य बंदरापर्यंत आणू शकतो, उपाशी माणसाच्या ताटापर्यंत नाही. सिद्धांतातली ही उणीव मद्रासमध्ये जिवावर बेतली.

जानेवारी १८७७मध्ये लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना मद्रासला धाडले. १८७३-७४च्या बिहार दुष्काळात याच टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून भूकबळी जवळजवळ टाळले होते आणि उधळपट्टीचा ठपका ओढवून घेतला होता. मद्रासमध्ये त्यांनी काटकसरीचे टोक गाठले. सरकारी कामावर दिवसभर राबणाऱ्या पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि किरकोळ रोख रकमेवर आणली. ‘टेंपल वेतन’ म्हणून ती कुप्रसिद्ध झाली. इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी निदान दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ-भाजी हवी असा आग्रह धरला. पुढे मजुरी थोडी वाढली, तोवर कामावरची माणसे खंगून गेली होती. मद्रास शहरात कूवम आणि अड्यार या नद्या जोडणारा कालव्याचा टप्पा १८७७-७८मध्ये अशाच दुष्काळी मजुरांनी खणला. त्याला नाव मिळाले बकिंगहॅम यांचे.

मद्रासमधील वृत्तपत्राचे संपादक विल्यम डिग्बी यांनी १८७८मध्ये या दुष्काळाची दोन खंडांत हकीकत लिहिली. ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावल्याचे अंदाज आहेत.

मजुरीची तीच कपात मुंबई इलाख्यात आली तेव्हा दुष्काळी कामांवरच्या हजारो मजुरांनी काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे निवेदने धाडली. मे १८७७मध्ये टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले, म्हणजे सभेची गाठ त्यांच्याशीच पडली. तक्रार करणाऱ्यांनी गावोगावचे पुरावे मांडावेत, ही या निवेदनांची मोठी कमाई होती.

रिचर्ड स्ट्रेची यांच्या दुष्काळ आयोगाने १८८०च्या अहवालात दुष्काळाचा पहिला घाव मजुरीवर पडतो हे मान्य केले. खासगी व्यापारात हात घालू नये हा आग्रह त्याने सोडला नाही, मात्र काम आणि मदत देणे सरकारचे कर्तव्य ठरवले. त्यातूनच दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करावे याचे नियम, आकाराला आल्या. १८९२मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मुळावरच बोट ठेवले. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळांत लागू पडत नाहीत, आणि हिंदुस्थानात उद्योग उभारणीसाठी सरकारने पुढे यायला हवे, असे त्यांनी मांडले. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांची ‘लेसे-फेर’चा अंत सांगणारी पुस्तिका त्यानंतर ३४ वर्षांनी, १९२६मध्ये निघाली.