हिवाळी पाहुण्यांना दाणे नकोत

डिसेंबरच्या सकाळी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जरूर जा, पण दाण्यांची पुडी घरीच ठेवा. हिरवळीवर शेपटी खालीवर हलवत धावणारा धोबी, चिंचेच्या शेंड्यात लपलेला जेमतेम 8 ग्रॅम वजनाचा पर्णवटवट्या, फांदीवरून झेपावणारा माशीमार... हिमालयातून, मध्य आशियातून आलेले हे पाहुणे मुख्यतः किडे टिपतात. ज्वारी-बाजरीकडे ढुंकूनही बघत नाहीत. दाण्यांवर जमतात ती कबुतरं, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. पाहुण्यांची खरी मेजवानी पालापाचोळ्यात. किडे तिथेच वाढतात. तो झाडून जाळणं थांबलंच पाहिजे. उथळ परळात पाणी मात्र ठेवा, रोज बदलून.