मोठे चाक आणि गिअरचा हिशोब



मोठे ते बळकट, असा आपला एक सर्वसाधारण समज असतो. मालवाहू पिकअप गाडीचे टायर झिजले आणि मालक नवे घ्यावयास निघाला, की त्याला हमखास एक सल्ला मिळतो : "या खेपेस जरा मोठे टायर टाका. गाडी उंच होईल, चिखलात अडणार नाही आणि दिसेलही रुबाबदार." सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु चाकाच्या आकाराशी गाडीच्या साऱ्या यंत्रणेचे गणित बांधलेले असते, ही गोष्ट त्या सल्ल्यात राहून जाते. हे गणित शाळेतल्या त्रैराशिकापेक्षा अवघड नाही. आज ते आपण उलगडून पाहू.

बडोद्याजवळचे कोयली हे गाव तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेला हा कारखाना १९६५ साली सुरू झाला. इकडचा मुलूख सपाट आहे. घाट नाही, चढण नाही. अडचण येते ती पावसाळ्यात. काळी जमीन भिजली, की शेताकडे जाणाऱ्या वाटांवर चाके रुततात आणि मालक मोठ्या टायरचा विचार करू लागतो. सपाट रस्त्यावर त्या बदलाचा दोष सहसा ध्यानात येत नाही. पण तीच गाडी माल भरून सापुताऱ्याच्या घाटाने नाशिककडे निघाली, म्हणजे जो हिशोब मांडलाच गेला नव्हता तो चढणीवर एकदम समोर येतो.

प्रथम टायरवरील आकडे वाचावयास शिकू. आपल्याकडील पिकअप गाड्यांना बसणारा एक परिचित आकार म्हणजे २१५/७५ आर १५. यातील २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अर्थात सुमारे १६१ मिलिमीटर. शेवटचे १५ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास, म्हणजेच ३८१ मिलिमीटर. रिमच्या व्यासात खालची व वरची अशा दोन्ही बाजू मिळवल्या, की टायरचा पूर्ण व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर येतो. आता त्याच रिमवर ३१ इंची टायर चढवला असे धरा. त्याचा व्यास सुमारे ७८७ मिलिमीटर. नवे चाक जुन्याच्या १.१२ पट झाले. हा १.१२ चा आकडा लक्षात ठेवावा. पुढील सर्व गोष्टी त्यातूनच निघतात.

चाक एकदा फिरले म्हणजे गाडी त्याच्या परिघाइतकी पुढे जाते. जुने चाक एका फेऱ्यात सुमारे २.२१ मीटर जाई, नवे २.४७ मीटर जाते. एक किलोमीटर तोडावयास जुन्या चाकाला सुमारे ४५२ फेरे लागत. नव्याला ४०४ पुरतात. उंच मनुष्य आणि लहान मूल बरोबर चालले, तर मोठ्याची पावले कमी पडतात, तसेच हे आहे. सपाटीवर लांब टांग सुखाची असते. पण गडाच्या पायऱ्या दोन-दोन करून चढून पाहा, की थोड्याच वेळात मांड्या भरून येतात. वाट तीच, शरीर तेच. प्रत्येक पावलाचा भार तेवढा वाढलेला असतो.

इंजिनचेही असेच होते. इंजिन फिरते जलद, पण त्याचा पीळ मर्यादित असतो. म्हणून इंजिन आणि चाक यांच्यामध्ये दंतचक्रांची योजना केलेली असते. तिचा पहिला टप्पा गिअरबॉक्स. दुसरा टप्पा मागच्या आसाच्या मध्यभागी जो फुगीर गोळा दिसतो, त्यात असतो. त्यालाच डिफरन्शियल म्हणतात. त्यात पिनियन नावाचे लहान दंतचक्र क्राऊन नावाच्या मोठ्या दंतचक्रास फिरवते. पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ३९ दाते असतील, तर पिनियनच्या ४.८८ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो. वेग तितक्या पटीने घटतो आणि पीळ तितक्या पटीने वाढतो. विहिरीवरच्या रहाटाचा दांडा लांब असला, की फिरवणाऱ्याच्या हाताला अधिक हिंडावे लागते, पण पोहरा हलका वाटतो, तोच हा न्याय.

आता उदाहरणासाठी अशी गाडी घेऊ, जिचा शेवटचा गिअर सरळ, म्हणजे एकास एक आहे आणि डिफरन्शियल ४.८८ चे आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास एक किलोमीटर. तेव्हा जुन्या चाकावर इंजिन मिनिटाला सुमारे २,२०० फेरे घेईल. चाक मोठे केले, की त्याच वेगाला फेरे सुमारे १,९७० वर उतरतील. कोणी म्हणेल, यात तर लाभच आहे! इंजिन सावकाश फिरेल, आवाज कमी होईल. रिकाम्या गाडीला आणि सपाट रस्त्याला हे काही अंशी खरेही आहे. पण चार सिलिंडरांच्या इंजिनला आपला पुरता जोर दाखवावयास ठराविक फेऱ्यांची गरज असते. टर्बो बसवलेल्या डिझेल इंजिनला तर ती अधिकच जाणवते. फेरे त्या मर्यादेखाली गेले, की इंजिन गुदमरते आणि चालकास वारंवार खालच्या गिअरवर यावे लागते. मग बचत कसली?

चढणीवरचा हिशोब याहून स्पष्ट आहे. चाकाचा व्यास १.१२ पट झाला, की रस्त्याला मिळणारी ओढ तेवढ्याच प्रमाणात घटते. सर्वांत खालच्या गिअरलाही यातून सूट नाही. मालासह अडीच टन वजनाची गाडी चढणीवर इंजिनला जणू २,८०० किलोची वाटू लागते. गाडीत एक पोतेही वाढलेले नसताना तीनशे किलोंचे ओझे चढले! ऐन चढावर थांबून पुन्हा निघावयाचे झाले, तर क्लच अधिक वेळ घसरत ठेवावा लागतो, आणि त्याची प्लेट जळते.

मात्र क्लच जळाला तर पैशाने भरून निघतो. यापुढची गोष्ट जिवाशी निगडित आहे. ज्या गाडीत वेगदर्शक गिअरबॉक्सच्या बाजूने चालतो, त्याला चाक बदलल्याचे कळत नाही. तो जुन्याच चाकाचा वेग सांगत राहतो. काटा ६० वर असताना गाडी खरोखर ताशी ६७ किलोमीटर धावत असते. सात किलोमीटर ही किरकोळ बाब वाटेल. परंतु गाडी थांबवण्यासाठी जी शक्ती जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६७ चा वर्ग ६० च्या वर्गाच्या सुमारे सव्वापट आहे. म्हणजे ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौथ्या हिश्श्याने वाढले. त्यात ब्रेकचे ड्रम तेवढेच आणि चाक मोठे, त्यामुळे पायाच्या त्याच दाबाला रस्त्यावर मिळणारा अवरोधही सुमारे एक दशांशाने घटतो. शाळा सुटण्याच्या वेळी रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला या गणिताची कल्पना नसते. ती चालकाला असावयास हवी.

याच कारणाने गाडीच्या ॲव्हरेजविषयीही गैरसमज होतात. काट्यावर १०० किलोमीटर दिसतात, तेव्हा गाडी ११२ किलोमीटर गेलेली असते. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी आता ११ च देते, असे मालकाला वाटते. खरा आकडा सव्वाबाराच्या आसपास असतो. म्हणून चाक बदलल्यावर तेलाचा हिशोब रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून करावा.

मग यावर उपाय काय? मोठ्या चाकाने जे नेले ते दंतचक्राने परत आणणे. ४.८८ ला १.१२ ने गुणले, म्हणजे ५.४६ येतात. नेमके एवढे प्रमाण मिळेलच असे नाही. त्याच्या जवळचे एक प्रमाण आहे ५.३८, म्हणजे ८ दात्यांचे पिनियन आणि ४३ दात्यांचे क्राऊन. ते बसवल्यास ताशी ६० ला इंजिनचे फेरे पुन्हा सुमारे २,१७० होतात, म्हणजे जवळजवळ पूर्ववत. गिअरबॉक्सवरून चालणारा वेगदर्शकही बहुतेक खरे बोलू लागतो. जेथे वेग चाकाजवळच्या सेन्सरवरून मोजला जातो, तेथे मात्र डिफरन्शियल बदलून काटा सुधारत नाही. ब्रेकची उणीव तर दोन्ही प्रकारांत तशीच उरते.

४.८८ आणि ५.३८ हे आकडे मी सहज घेतलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे डिफरन्शियल ४.८८ चे होते. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन सुमारे २.२ लिटरचे, साठ अश्वशक्तीचे. युद्ध संपले आणि १९४५ साली त्याच कंपनीने शेतीच्या व इतर नागरी कामांसाठी सीजे-२ए ही जीप काढली. इंजिन मूलतः तेच ठेवले, पण नांगर ओढावयाचा म्हणून डिफरन्शियल ५.३८ चे केले. गिअरबॉक्सचा पहिला गिअर आणि ट्रान्स्फर केसमधील खालचा गिअर यांचे प्रमाणही वाढवले. परिणामी सर्वांत खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यास लष्करी जीपच्या इंजिनला सुमारे साडेपंचवीस फेरे लागत, तेथे नागरी जीपच्या इंजिनला सुमारे साडेछत्तीस लागू लागले. काम बदलताच खुद्द कारखान्याने गिअर बदलले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. याच कुळातील जीपची जुळणी पुढे मुंबईत महिंद्र कंपनीने केली आणि ती आपल्या रस्त्यांवर घरोघरची झाली. १९६५ साली, म्हणजे कोयलीचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, कंपनी हलक्या मालवाहू गाड्यांकडे वळली.

क्राऊन-पिनियन बदलणे हे मात्र टायर बदलण्यासारखे तासाभराचे काम नव्हे. ही दोन चक्रे जोडीने घासून तयार केलेली असतात, म्हणून ती जोडीनेच बदलावी लागतात. दात्यांमधील मोकळीक पातळ शिम घालून मोजून ठेवावी लागते. दात्यांना रंग लावून त्यांचा स्पर्श मध्यावर येतो की नाही, हे पाहावे लागते. यात कसूर झाली, तर गाडी प्रथम रडल्यासारखा आवाज करते आणि पुढे दाते तुटतात. चारही चाकांना जोर असणारी गाडी असेल, तर पुढचे आणि मागचे प्रमाण एकच हवे. नाहीतर कोरड्या घट्ट रस्त्यावर दोन्ही आस एकमेकांशी झुंजू लागतात. शिवाय जड चाकाचा भार स्टिअरिंग, बेअरिंग आणि पाटे यांवर पडतो. वळताना टायर मडगार्डला घासतो की काय, हेही पाहावे लागते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व ठामपणे सांगितले. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचा आकारही लिहिलेला असतो. म्हणून त्याच नमुन्याच्या गाडीसाठी कंपनी कोणता टायर मान्य करते, हे आधी विचारावे आणि परिवहन कार्यालयात खात्री करून घ्यावी. अपघातानंतर विम्याच्या दाव्यावरून वाद निघण्यापेक्षा हे सोपे आहे.

शेवटी आपण मूळ गरजेकडे येऊ. मोठ्या टायरने गाडीची खालची उंची किती वाढते? व्यासातील वाढीच्या निम्मी. आपल्या उदाहरणात ४२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अडीच बोटे. काळ्या चिखलातून सुटावयास या अडीच बोटांपेक्षा खोल खाचांचा, त्याच आकाराचा आणि तेवढाच भार पेलणारा टायर पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. त्याने गिअर, ब्रेक आणि काटा यांपैकी काहीच बिघडत नाही.

तरीही आकार बदलणे भागच असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करावा. नेहमीचा माल भरून गाडी सपाट जागी उभी करावी. टायरवर आणि त्याखालच्या जमिनीवर खडूने खूण करावी. चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यावा आणि दोन खुणांमधील अंतर फितीने मोजावे. नव्या टायरचे अंतर विक्रेत्याकडून घेऊन त्यास या अंतराने भागावे. भागाकार १.०४ च्या आत असेल, तर फरक थोडा आहे. तो १.१० च्या पलीकडे गेला, तर टायरच्या किमतीत क्राऊन-पिनियनची किंमत आणि मिस्त्रीची मजुरी मिळवूनच सौदा महाग की स्वस्त ते ठरवावे. कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर ज्याचे घर चालते, त्याने तरी हा भागाकार केल्यावाचून खिशात हात घालू नये.